थंडीत सकाळी टाकीचा लाइट लुकलुकतो? ड्रायव्हर बदलायच्या आधी व्होल्ट मोजा

डिसेंबरात सकाळी साडेसहाला टायमर टाकीचा लाइट लावायचा आणि लागल्या लागल्या तो लुकलुकायला लागायचा. सेकंदाला दोन-तीन वेळा, मांडवातल्या माळेसारखा. निऑन टेट्रा मासे बिचारे एका कोपऱ्यात गोळा व्हायचे. पंधरा-वीस मिनिटं हा खेळ चालायचा, मग आपोआप थांबायचा. दुपारी बघावं तर जसं काही झालंच नाही. मी ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला ठरलेला करंट देणारा डबा, बदलला. दुसऱ्याच दिवशी पुन्हा तेच. कुणाकडे असंच होत असेल तर नवा ड्रायव्हर आणायला निघण्याआधी हे वाचा. माझ्याकडचे दोन्ही ड्रायव्हर चांगले होते, मी त्यांना चुकीच्या कामाला जुंपलं होतं. आणि हे कळलं ते दोन इंच वायरच्या तुकड्यानं.

आधी सामान काय होतं ते सांगतो. नाशिकच्या सिडकोतलं घर, तीन फुटी प्लँटेड टँक (पाणवनस्पती लावलेली टाकी), ३६ × १८ × १८ इंच, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटर. वर अ‍ॅल्युमिनियमच्या हीटसिंकवर ३ वॉटचे १२ पांढरे एलईडी, सगळे एकामागे एक, सिरीजमध्ये. मी अंबड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेलचं वायरिंग करतो, त्यामुळे हे काम म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, असा माझा समज होता.

पहिला ड्रायव्हर तर मीच मारला. नव्या टाकीत झाडं रुजेपर्यंत पूर्ण उजेड दिला की काचेवर आणि पानांवर शेवाळ चढतं, म्हणून सुरुवातीला दिवसाला सहा तास आणि अर्धा उजेड ठेवायचा होता. घरात पंख्याचा जुना रेग्युलेटर पडलेला. तो ड्रायव्हरच्या आधी २३० व्होल्टच्या लाइनमध्ये टाकला. ड्रायव्हर गुणगुणायला लागला, लाइट थरथरायला लागला आणि आठवड्यात सगळं शांत. रेग्युलेटर एसीची प्रत्येक अर्धी लाट कापून देतो. पंख्याची मोटर ते चालवून घेते. साध्या ड्रायव्हरच्या तोंडाशी डायोडचा ब्रिज आणि कपॅसिटर असतो, कापलेली लाट अचानक वर आली की तो कपॅसिटर दर वेळी करंटचा मोठा घोट ओढतो. हे सेकंदाला १०० वेळा. अशा कापलेल्या लाटेवर चालणारे ड्रायव्हर वेगळे मिळतात, त्यांच्या लेबलवर ट्रायॅक डिमिंग असं स्पष्ट लिहिलेलं असतं. ते लिहिलेलं नसेल तर पंख्याचा रेग्युलेटर पंख्यालाच राहू द्या.

दुसरा ड्रायव्हर आणला तो नोव्हेंबरात. लेबल असं: ८–१२ × ३ वॉट, आउटपुट २४–४० व्होल्ट, ६०० मिलिअँपिअर. महिनाभर झकास चालला. डिसेंबरात थंडी पडली आणि लुकलुक सुरू झाली. दुकानात घेऊन गेलो. दुकानदारानं टेबलावरच्या एलईडीला जोडून दाखवला, चालला. तरी भला माणूस, बदलून दिला. वर म्हणाला, "दादा, लेबलवरच लिहिलंय ना, आठ ते बारा. तुमचे बाराच आहेत." मलाही ते पटलं. तिसरा ड्रायव्हर त्याच लेबलचा. दुपारी तीनला बसवला, चालला, मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मांडव.

इथेच माझी खरी चूक होती. मी दर वेळी दुपारी दुरुस्ती करत होतो आणि दुपारीच तपासत होतो. बिघाड मात्र फक्त सकाळी, तोही थंडीत दर्शन देत होता. पॅनेलच्या कामात आम्ही नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगतो, की फॉल्ट ज्या वेळी येतो त्या वेळी मशीनपाशी उभं राहा. घरी आलं की आपणच विसरतो.

मग एका सकाळी सहाला उठून टाकीपाशी उभा राहिलो. बाहेर नाशिकची थंडी, खोलीत १५ अंश. प्लग काढला, शेवटच्या एलईडीच्या प्लस-मायनस टोकांवर वायरचा छोटा तुकडा सोल्डर करून तो एक एलईडी शॉर्ट केला. म्हणजे आता सिरीजमध्ये ११ उरले. प्लग लावला. ११ एलईडी पहिल्या क्षणापासून स्थिर. प्लग काढला, तुकडा काढला, १२ केले: लुकलुक. पुन्हा ११: स्थिर. ड्रायव्हर तोच, सकाळ तीच.

(ही चाचणी फक्त सिरीजमधल्या एलईडीवर आणि स्थिर करंट देणाऱ्या ड्रायव्हरवर करा, आणि प्रत्येक वेळी प्लग काढूनच. चालू ड्रायव्हरला एलईडी कधीच जोडू नका. उघड्या टोकांवर ड्रायव्हरचा कपॅसिटर कमाल व्होल्टेजपर्यंत भरून बसलेला असतो, एलईडी टेकवला की तो सगळा साठा एका फटक्यात त्याच्यात उतरतो.)

कामावरून बेंच सप्लाय, म्हणजे व्होल्ट आणि करंट हवे तसे बांधता येणारा पॉवर सप्लाय, एका रविवारपुरता मागून आणला. करंट ६०० मिलिअँपिअरवर बांधला आणि १२ एलईडींवर किती व्होल्ट पडतात ते बघत बसलो. थंडगार असताना सुरू करताच ४०.५ व्होल्ट. वीस मिनिटांनी हीटसिंक गरम झाल्यावर ३८.८. म्हणजे थंडीत एका एलईडीला जवळजवळ ३.३८ व्होल्ट लागत होते आणि गरम झाल्यावर ३.२३. यात नवल काही नाही. पांढऱ्या एलईडीचा व्होल्टेज ड्रॉप दर अंश सेल्सिअसला साधारण २ ते ४ मिलिव्होल्टनं उतरतो. एका एलईडीत तो नजरेत भरत नाही, पण १२ जणांचा मिळून, ४०-४५ अंशांच्या फरकावर, दीड-पावणेदोन व्होल्ट होतो. आणि माझ्या ड्रायव्हरची कमाल मर्यादा होती ४०. सकाळी तो ४० पर्यंत चढायचा, एलईडींना ४०.५ हवे असायचे. ड्रायव्हरला वाटायचं, समोर काही जोडलेलंच नाही. तो संरक्षणात जाऊन बंद पडायचा, पुन्हा सुरू व्हायचा, पुन्हा बंद. तेवढ्या झटक्यांतून एलईडी थोडे थोडे तापायचे, त्यांची भूक अर्ध्या व्होल्टनं उतरायची आणि गाडी रुळावर यायची. दुकानातल्या ट्यूबखाली, दुपारच्या उबेत, हे दिसणारच नव्हतं.

लेबलवरचं "१२ × ३ वॉट" खोटं नव्हतं. फक्त ते ४० भागिले १२, म्हणजे एलईडीमागे ३.३३ व्होल्ट, असा हिशेब धरून लिहिलेलं होतं. एप्रिलच्या उन्हात हा हिशेब बरोबर. निफाड-नाशिकच्या डिसेंबरात नाही.

तर मग ड्रायव्हर निवडायचा कसा? वॉट शेवटी बघा. आधी करंट: तुमच्या एलईडीचा कमाल करंट ७०० असेल तर ड्रायव्हर ७०० किंवा त्याहून कमीचा. मग व्होल्टची खिडकी. २४–४० किंवा ३०–५४ असे जे दोन आकडे लेबलवर असतात, त्या दोन्ही टोकांना जागा लागते. वरच्या टोकाला थंड एलईडीचा व्होल्टेज. बेंच सप्लाय नसेल तर गरम असताना मल्टिमीटरनं एलईडीच्या पूर्ण माळेवर डीसी व्होल्ट मोजा आणि त्यात ८-१० टक्के मिळवा. माझे ३८.८ चे साधारण ४२-४३ होतात. ड्रायव्हरचा वरचा आकडा याच्या पुढे हवा.

खालचं टोक लोक विसरतात, आणि डिम करायचं असेल तर तेच नडतं. करंट कमी करून उजेड कमी करणाऱ्या ड्रायव्हरमध्ये एलईडीचा व्होल्टेजही उतरतो. ७०० चा एलईडी ७० मिलिअँपिअरवर चालवला तर त्याच्यावर साधारण पावणेतीन व्होल्ट उरतात. बारांचे झाले ३३. समजा तुम्ही ३६–५४ चा ड्रायव्हर आणला. पूर्ण उजेडात सगळं छान, थंडीतही छान, आणि बटन खाली फिरवत नेलं की एका जागी आल्यावर लुकलुक सुरू, कारण तुम्ही खिडकीच्या खालच्या चौकटीला धडकलात. मी पुढे जो घेतला तो ३०–५४ व्होल्ट, ७०० मिलिअँपिअर. ७०० वर थंडीत लागणारी वरची ४१ आणि खालची ३३ दोन्ही आत बसतात.

सहा-सहाच्या दोन माळा पॅरलल करून हा प्रश्न सोडवू नका. कागदावर व्होल्ट निम्मे होतात, पण करंट दोन माळांत सारखा वाटला जात नाही. जी माळ जास्त तापते तिचा व्होल्टेज उतरतो, म्हणून ती आणखी करंट ओढते, म्हणून आणखी तापते. शेवटी एक माळ तुटते आणि दुसरीच्या डोक्यावर सगळा करंट येतो. दोन माळा हव्याच असतील तर दोन ड्रायव्हर.

आता डिमिंग. इथे माझ्या धंद्याच्या ज्ञानानंच मला गोत्यात आणलं. आम्ही व्हीएफडीला (मोटरचा वेग बदलणारं यंत्र) पीएलसीकडून (मशीन चालवणारा कंट्रोलर) ० ते १० व्होल्ट देतो, मोटरचा वेग कमी-जास्त होतो. ड्रायव्हरच्या लेबलवर १–१० व्होल्ट दिसलं आणि मी म्हटलं, हे तर रोजचंच. पण लाइटच्या १–१० मध्ये उलटं असतं: डिमिंगच्या दोन वायरींतून थोडासा करंट ड्रायव्हरच बाहेर देतो, आपण फक्त तो किती व्होल्टला खाली ओढायचा ते ठरवतो. म्हणूनच त्या वायरी मोकळ्या सोडल्या की लाइट पूर्ण, शॉर्ट केल्या की सर्वांत कमी. "वायरी जोडल्याच नाहीत तरी लाइट फुल कसा?" हा प्रश्न म्हणजे बिघाड नाही. वायरींचं प्लस-मायनस उलट झालं तर लाइट तळाला जाऊन बसतो आणि बटन फिरवून काही होत नाही, हा मात्र रोजचा घोटाळा.

मीनवेल कंपनीच्या एचएलजी मालिकेत शेवटी "बी" अक्षर असलेल्या मॉडेलना या वायरी बाहेर काढलेल्या असतात. "ए" असेल तर रबरी बुचाखाली स्क्रूड्रायव्हरनं फिरवायचा छोटा पॉट (फिरवून रेझिस्टन्स बदलायचा भाग) असतो, म्हणजे एकदा लावून ठेवा, रोज फिरवायला नाही. दुकानात घाईत "डिमेबल द्या" म्हटलं तर ए हातात पडू शकतो, अक्षर बघून घ्या. बी प्रकाराला तीन तऱ्हा चालतात: १० व्होल्टपर्यंतचा डीसी, १० व्होल्टचा पीडब्ल्यूएम (वेगानं चालू-बंद होणारा सिग्नल) किंवा नुसता रेझिस्टन्स. एका ड्रायव्हरला १०० किलोओहमचा पॉट. दोन ड्रायव्हर एकाच बटनावर घेतले तर ५० चा, कारण दोघांचाही करंट त्याच पॉटमधून जातो. ज्यांना फक्त संध्याकाळी उजेड थोडा उतरवायचा आहे त्यांनी इथेच थांबावं. ३०-४० रुपयांचा पॉट आणि एक नॉब, प्रोग्रॅमिंग नाही, काही नाही.

मी थांबलो नाही. भाच्यानं कुठेतरी टाकीवर सूर्योदय होताना बघितलं होतं. "मामा, आपल्या टाकीला पण सूर्योदय कर ना." आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड, घरात होता. त्याच्या पिनेचा ५ व्होल्टचा पीडब्ल्यूएम थेट डिमिंगच्या वायरींना दिला. प्रोग्रॅममध्ये १०० टक्के, टाकीत निम्माच उजेड. दोन संध्याकाळी मी कोड चाळत बसलो होतो. कोड बरोबर होता. ड्रायव्हरची पट्टी १० व्होल्टची, मी ५ देत होतो, त्यानं इमानदारीत निम्मं केलं. मध्ये एक ट्रान्झिस्टर टाकून १० व्होल्टच्या वायरी खाली ओढायला लावल्या की हे सुटतं, फक्त मग प्रोग्रॅममधले आकडे उलटे लिहावे लागतात: पीडब्ल्यूएम जास्त तर उजेड कमी.

पण सूर्योदयाला दुसरी अडचण आहे. या प्रकारचे ड्रायव्हर सहा ते दहा टक्क्यांच्या खाली काय करतील याची हमी डेटाशीटच देत नाही. कुणी तिथेच अडून राहतो, कुणी विझतो, कुणी थरथरतो. पहाट म्हणजे नेमका तोच भाग. शून्यावरून एकदम आठ टक्क्यांवर उडी अंधाऱ्या खोलीत डोळ्यांत भरते, आणि माशांच्याही.

म्हणून शेवटी मी दोन तुकड्यांत काम केलं: ४८ व्होल्टचा ५० वॉटचा एसएमपीएस (मेनचा डीसी करून देणारा पॉवर सप्लाय) आणि त्याच्यापुढे मीनवेलचा एलडीडी-७००एच, हा बोटभर चौकोनी मॉड्यूल. तो ९ ते ५६ व्होल्ट डीसी घेतो आणि ७०० मिलिअँपिअर स्थिर देतो. फक्त आत येणारा व्होल्टेज बाहेर जाणाऱ्यापेक्षा तीन-चार व्होल्ट जास्त हवा. माझे थंडीतले ७०० वरचे ४१ धरले तरी ४८ मध्ये आरामात बसतात. १२ एलईडींचे ७०० वर २७-२८ वॉट होतात, म्हणजे ५० वॉटच्या एसएमपीएसला घामही येत नाही. याचं डिमिंग पीडब्ल्यूएमचंच, १०० ते १००० हर्ट्झच्या आत. आर्डुइनो उनोच्या बहुतेक पिना ४९० हर्ट्झ देतात, चालतं. ईएसपी३२ या दुसऱ्या बोर्डाचा ३.३ व्होल्टही चालतो, कारण अडीचच्या वर मॉड्यूल "चालू" समजतो. पीडब्ल्यूएममध्ये चालू क्षणाला करंट पूर्णच असतो, त्यामुळे वर सांगितलेली खालच्या चौकटीची भानगडही येत नाही, आणि पहाट एक-दोन टक्क्यांपासून सुरू करता येते. हे मॉड्यूल नाशकात मला हाताशी मिळालं नाही. पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला जायचंच होतं, लॅमिंग्टन रोडवरून दोन आणले. एक जादा, कारण माझा माझ्या सोल्डरिंगवर विश्वास आहे, पण मर्यादित.

एलडीडीची एक खोड लक्षात ठेवा. त्याचा आउटपुट मायनस आणि इनपुट मायनस एक नाहीत. पॅनेलवाल्याचा हात सगळे मायनस एका पट्टीवर बांधायला शिवशिवतो, इथे तो आवरा. प्रत्येक माळेचा मायनस आपापल्या मॉड्यूलवरच परत यायला हवा.

दुसरी खोड वळवाच्या पावसात कळली. मे महिन्यात वादळानं रात्री वीज गेली, दोन वाजता आली आणि टाकी भर दुपारसारखी उजळली. डिमिंगची पिन मोकळी असली की एलडीडी पूर्ण चालू राहतो, आणि कंट्रोलर जागा होईपर्यंत ती पिन मोकळीच असते. पिन आणि इनपुट मायनस यांच्यात १० किलोओहमचा रेझिस्टर टाकला, काम झालं. वेळ लक्षात राहावी म्हणून बॅटरीवर चालणारं डीएस३२३१ घड्याळही लावलं, नाहीतर प्रत्येक वेळी वीज आली की टाकीत पुन्हा रात्रीचे बारा.

पाण्याबद्दल थोडं कडक बोलतो. स्वस्त ड्रायव्हरमधले काही नॉन-आयसोलेटेड असतात, म्हणजे त्यांच्या आउटपुटचा घरच्या मेनशी थेट संबंध असतो. मल्टिमीटर ४० व्होल्ट दाखवेल, पण अर्थिंगच्या हिशेबानं ती वायर जिवंत असू शकते. बंद बल्बमध्ये ते ठीक, पाण्यावर नाही. आयसोलेटेड असं लिहिलेला, बीआयएसची खूण आणि आर-नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असलेलाच घ्या, आणि आउटपुट ६० व्होल्टच्या आत ठेवा. टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवा. वायर टाकीवरून थेट प्लगमध्ये नेऊ नका, आधी प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर घ्या, म्हणजे ओघळ झोळाशी टपकतो, सॉकेटमध्ये शिरत नाही. आणि हात पाण्यात घालायचा असेल तर आधी प्लग काढा. मी वायरमन आहे, तरी काढतो.

लुकलुक दुसऱ्या तऱ्हेची असेल तर कारणही दुसरं. अर्ध्या-पाऊण तासानं लाइट जातो आणि दहा मिनिटांनी परत येतो, हे तापमानाचं संरक्षण. ड्रायव्हर लाकडी झाकणात, एलईडीच्या शेजारी, वाफेत कोंडलेला असणार. बाहेर स्टँडच्या बाजूला, हवेशीर काढा. नाशिकचा एप्रिल-मे ४० अंशांवर जातो, आणि आतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना निम्मं होतं असा ढोबळ हिशेब आहे. हात लावला की, झाकण हललं की लाइट जातो, हे सोल्डर तडकल्याचं लक्षण. डोळ्याला स्थिर दिसतं पण मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये थरथरतं, ते एक तर तुमच्याच पीडब्ल्यूएमचं किंवा मेनच्या १०० हर्ट्झचं. डिमिंग काढून, पूर्ण उजेडात पुन्हा शूट करा, कोणाचं ते कळेल. डिमिंगची वायर मोटरच्या आणि मेनच्या वायरीबरोबर एका गाठीत बांधली असेल तर वेगळी करा. फिल्टर सुरू झाला की लाइट दचकतो, हे माझ्याकडे त्यानंच थांबलं.

१२ व्होल्टची चिकटपट्टीवाली एलईडी पट्टी असेल तर वरचं बहुतेक सगळं विसरा. तिला स्थिर व्होल्टेज लागतो, करंट आवरणारे रेझिस्टर तिच्यातच असतात. साधा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर आणि मध्ये पीडब्ल्यूएम डिमर पुरे. स्थिर करंटचा ड्रायव्हर तिला लावू नका.

तो तिसरा ड्रायव्हर, २४–४० वाला, मी टाकला नाही. भाच्याच्या दोन फुटी टाकीवर त्याला १० एलईडी लावून दिलेत. या डिसेंबरात सकाळी सहाला त्यानं फोन केला: "मामा, लागला. हलत पण नाहीये."